उडती भिंगरी शार्प येतच नाहीये, सेटिंग काय ठेवता?

पाणकाठ:
नमस्कार मंडळी, भिगवणला कुंभारगावच्या बाजूला बोटीतून चित्रबलाक, फ्लेमिंगो, सुरय उडताना बऱ्यापैकी मिळतात पण तारवाली भिंगरी (पाण्यावर भराभर उडणारा तो चिमुकला पक्षी) काही केल्या मिळत नाही. क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी, १५०-६०० एमएम झूम, शटर १/२०००, अ‍ॅपर्चर एफ ६.३, कंटिन्युअस फोकस. एकतर फ्रेममध्ये सापडतच नाही, सापडली तर फोकस मागच्या पाण्यावर. लेन्स बदलायची गरज आहे की माझ्या पद्धतीत काही कमी आहे? ती शेपटीची तार आणि डोक्यावरची विटकरी टोपी एकदा नीट टिपायचीय.

रानवाट:
लेन्स राहू द्या, पुरेशी आहे. फक्त ६०० वरून खाली या. १० मीटरवर ६०० एमएम आणि एफ ६.३ ला क्रॉप बॉडीवर शार्प पट्टा जेमतेम ७ सेंटीमीटरचा मिळतो आणि भिंगरी सेकंदाला १० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे कॅमेऱ्याने जरा विचार केला की पक्षी पट्ट्याबाहेर. तेच ४०० ला केलं तर पट्टा १५ सेंटीमीटरच्या वर जातो आणि फ्रेममध्ये जागाही जास्त, पक्षी सापडतो तरी. फोटो नंतर क्रॉप करा, काही बिघडत नाही. शटर १/३२०० च्या खाली नको. १/१००० ला ती एका फ्रेममध्ये सेंटीमीटरभर सरकते, १/३२०० ला ३ मिलिमीटर, आणि पंखाचं टोक तर त्याहून जास्त. नॉइज (फोटोतले दाणे) येऊ दे, तो नंतर काढता येतो, हललेला डोळा काढता येत नाही.

आणि एक्सपोजर मॅन्युअल ठेवा हो. पाठ निळी-काळी, पोट पांढरंशुभ्र, खाली गडद पाणी आलं की कॅमेरा फोटो उजळ करतो आणि पोट जळतं म्हणजे नुसतं पांढरं फटक होतं, तीच भिंगरी आकाशावर गेली की काळी पडते. ऊन स्थिर असेल तर पांढऱ्या पोटाच्या हिशोबाने एकदा सेट करा आणि त्याला हात लावू नका.

माळढोक_प्रेमी:
वरचं सगळं बरोबर, पण मी म्हणेन आधी वारा बघा. पक्षी उतरताना, झेप घेताना वाऱ्याकडे तोंड करतो आणि भिंगरी वाऱ्याविरुद्ध जाताना जमिनीच्या हिशोबाने हळू होते, कधीकधी जागच्या जागी तरंगल्यासारखी. वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी घेऊन उभं राहिलं की ती तोंडावर येते आणि डोळ्यात उजेडही असतो. हिवाळ्यात सकाळी वारा पुष्कळदा पूर्वेकडूनच असतो त्यामुळे हे जमून येतं, दुपारी वारा फिरला की बोट फिरवायला सांगा, नावाड्यांना हे पक्कं माहीत असतं.

दुसरं म्हणजे कॅमेरा लगेच डोळ्याला लावू नका. भिंगरी पाण्यावर एकाच मार्गाने घिरट्या घालते, थोडा वेळ नुसत्या डोळ्यांनी बघा कुठे वळते, कुठे चोच बुडवून पाणी पिते. त्याच अंतरावरच्या एखाद्या काठीवर आधीच फोकस करून ठेवा, फोकस लिमिटर (ठराविक अंतरातच फोकस शोधायला लावणारं बटण) असेल तर लावा, मग लेन्सला शोधत बसावं लागत नाही. आणि दोन्ही डोळे उघडे!

गवताळ:
माझं मत थोडं वेगळं आहे, भिंगरीने सुरुवातच करू नये, आधी वेडा राघू घ्या. तो तारेवरून किंवा बाभळीच्या फांदीवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो, मग ती फांदीवर आपटून आपटून खातो. फांदीच्या अंतरावर मॅन्युअल फोकस, फ्रेममध्ये पक्षी एका कडेला, समोर जागा मोकळी, आणि परत येताना बर्स्ट, म्हणजे सलग भराभर फोटो. पंखांचा तो तांबूस-हिरवा पंखा पूर्ण उघडलेला मिळतो. हात बसला की भिंगरीकडे जा. तुमच्या कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर (बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षणही साठवणारी सोय) असेल तर झेपेचा क्षणही सुटत नाही.

पाणकाठ:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, ४०० चं कधी सुचलंच नव्हतं. प्री-कॅप्चर आहे पण ते इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालतं आणि त्यात पंख वाकडे दिसतात, केळीच्या पानासारखे. शटर १/४००० केलं तरी तेच.

रानवाट:
शटर वाढवून ते जाणार नाही. सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. स्टॅक्ड सेन्सर (खूप वेगाने वाचला जाणारा) असेल तर हे फार कमी दिसतं, नसेल तर उडतीसाठी मेकॅनिकल शटर लावा, फ्रेम कमी मिळतील पण पंख सरळ येतील. प्री-कॅप्चर राघू बसलेला असताना वापरून बघा, झेपेच्या पहिल्या क्षणी पंख वर उचललेले असतात तेव्हा बऱ्याचदा चालून जातं.

माळढोक_प्रेमी:
एक राहिलं, डिकसळच्या पुलासारख्या ठिकाणी खाली मातीच्या वाट्या, म्हणजे भिंगरीची घरटी, दिसल्या तर तिथे बोट थांबवून ठेवायची नाही. पिल्लांना घास घेऊन येणारी जोडी आपण समोर असलो की बाहेरच फिरत राहते. मोकळ्या पाण्यावर भरपूर मिळतात, तिथेच घ्या, आणि फोटो इथे टाका, तार किती लांब आली ते बघायचंय.