मदत हवी आहे: नुसता बफर बदलला तरी पेशी एटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) सोडतायत, बेसलाइन कशी धरू?

ए५४९ पेशींवर (माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची सेल लाइन) हायपोटॉनिक (मीठ कमी असलेला, पेशी फुगवणारा) बफर टाकून बाहेर किती एटीपी येतं ते ल्युसिफेरेजने (एटीपी असलं की उजळणारं एन्झाइम) मोजतोय, पण कंट्रोल वेलमध्ये (प्लेटमधली तुलनेसाठीची खाच) नुसता साधा बफर बदलला तरी सिग्नल जवळपास तेवढाच येतो. पिपेटच्या धारेचा धक्का बसला की पेशी एटीपी सोडतात हे माहितीये, म्हणून अर्धाच बफर वेलच्या भिंतीवरून थेंब थेंब सोडून बघितला, मग ३० मिनिटं थांबलो, थोडा फरक पडला पण रीडिंग दर वेळी वेगळंच. एलडीएच (पेशी फुटली की बाहेर येणारं एन्झाइम) तपासलंय, पेशी फुटत नाहीयेत. सीरम घातलेलं नाही. अपायरेज (एटीपी तोडणारं एन्झाइम) टाकलं की सिग्नल पडतो, म्हणजे एटीपीच आहे. मीठ कमी झालं की ल्युसिफेरेज जास्त उजळतं, त्यामुळे स्टँडर्ड कर्व्ह (ठरावीक एटीपीला किती सिग्नल येतो याचा आलेख) दोन्ही बफरमध्ये वेगवेगळा काढलाय.

इंजेक्टरवाला (वेलमध्ये स्वतःच द्रव सोडणारा) रीडर नाहीये, साधा प्लेट रीडर आहे, आणि नवीन किट या महिन्यात तरी शक्य नाही.

चिकटलेल्या पेशींवर हे केलेल्यांनी प्लीज सांगा, बफर बदलल्यावर किती वेळ थांबता, आणि ल्युसिफेरेज आधीपासून वेलमध्येच ठेवता की सॅम्पल काढून, उकळून, एटीपी तोडणारे एन्झाइम मारून मग मोजता?