बोटं मोडण्याचा आवाज
बरेच जण म्हणतात की बोटं मोडताना हाडावर हाड घासतं, म्हणून पुढे संधिवात होतो. तसं नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, त्यात वायू विरघळलेला. बोट ओढलं की आतला दाब एकदम घटतो, द्रवात बुडबुडा धरतो. आवाज त्याचाच, तो धरताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. तेच बोट लगेच परत मोडून बघा, वाजणार नाही. साधारण २० मिनिटं थांबावं लागतं. हाडं घासत असती तर दर वेळी वाजलं असतं ना!

डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात कुठल्याच हाताला नाही! एकाच माणसाचा प्रयोग, पण चिकाटी बघा. २००९ साली त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक) मिळालं. मोडताना दुखत असेल किंवा सांधा सुजला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

(दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडण्याबद्दल मी काही बोलत नाहीये.)