मदत हवी आहे: पावती छापली, पण लाइट गेली की नोंद गायब

कोरेगाव तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर सांभाळतो. एकच विंडोज पीसी, एसक्यूलाइट डेटाबेस वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिले जातात), फाइल लोकल डिस्कवरच. लाइट गेली की शेवटच्या एक-दोन नोंदी उडतात. शेतकऱ्याच्या हातात फॅट-एसएनएफची पावती आणि इकडे लिटरच नाहीत. बिलाला वाद ठरलेला. इंटिग्रिटी चेक (डेटाबेस फाइल बिघडलीय का याची तपासणी) ओके येतो. सिंक्रोनस सेटिंग नॉर्मलवर होतं; त्यात प्रत्येक कमिटला (नोंद पक्की करताना) डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबत नाही, म्हणून हे होणारच. फुल केलं, तेही प्रत्येक कनेक्शनला. प्रकार कमी झाला, थांबला नाही. पावती कमिटनंतरच छापते, कोड तपासलाय. संशय स्वस्तातल्या एसएसडीवर, तिला पॉवर-लॉस प्रोटेक्शन (लाइट गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवायची सोय) नाही. यूपीएसची बॅटरी मेलीय, संस्था एवढ्यात खर्च करणार नाही. क्लाउड नको, रेंज बेभरवशाची.

डिस्क फ्लश झाल्याचं, म्हणजे डेटा कायमचा लिहून झाल्याचं, खोटं सांगतेय का, हे चालू केंद्राच्या डेटाला धक्का न लावता कसं तपासायचं? राइट कॅशिंग (डेटा आधी तात्पुरत्या मेमरीत ठेवणं) बंद केलं तर सकाळच्या रांगेत मशीन रखडेल का?