सोळा वर्षांखालील मुले, समाजमाध्यमे आणि मंडळाचे अभिनंदनपत्र

प्रेषक : वि. ज., कार्यकारिणी
प्रति : सर्व सभासद
विषय : समाजमाध्यमांच्या वयोमर्यादेविषयी मंडळाचे पत्र

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब अशा दहा माध्यमांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही, हे आपण जाणताच. या कायद्याचे स्वागत करणारे पत्र मराठी मंडळाच्या वतीने आपल्या भागातील खासदारांना पाठवावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. त्यावर सभासदांनी याच ई-मेल यादीवर मते मांडावीत. जाता जाता आणखी एक विनंती अशी की, आपल्या ढोल-ताशा पथकाचे इन्स्टाग्राम पान ज्या मुलांनी हौसेने चालवले, ती सर्व सोळा वर्षांखालील असल्यामुळे ते पान सांभाळण्यासाठी एक प्रौढ स्वयंसेवक हवा आहे.

आपला,
वि. ज.


प्रेषक : सु. म., ब्लॅकटाउन
प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर : समाजमाध्यमांच्या वयोमर्यादेविषयी मंडळाचे पत्र

सर्व मंडळींना नमस्कार.

मी या कायद्याच्या बाजूची आहे, आणि तरीही मंडळाने हे पत्र पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन भूमिका एकाच वेळी कशा घेता येतात, हे सांगताना पत्र थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि मुलगा दहा वर्षांचा. ज्या घरात सातवी-आठवीतले मूल आहे, त्या घरात 'वर्गात सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडेच नाही' हे वाक्य कधी रडून, कधी चिडून आणि कधी अगदी वकिली थाटात ऐकावे लागते. दुर्दैवाने ते खोटे नसते. एकट्या घराने नकार दिला की त्याची किंमत ते मूल मोजते, कारण वाढदिवसाचे बोलावणे स्नॅपचॅटवर ठरलेले असते आणि नाटकाच्या तालमीची वेळ इन्स्टाग्रामच्या गटात बदललेली असते. सगळ्याच घरांनी एकदम नकार दिला असता तर कोणाचे फारसे बिघडले नसते. पण एका वर्गातल्या पंचवीस-तीस घरांना एकाच दिवशी एका निर्णयावर आणणे कोणत्याही पालकाला जमण्यासारखे नव्हते. कायद्याने नेमके तेवढे काम केले. पालकांची संमती असली तरी खाते उघडता येत नाही, ही तरतूद अनेकांना पालकांच्या अधिकारावरचे अतिक्रमण वाटते. मला मात्र तीच सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण संमतीची वाट मोकळी ठेवली असती तर 'तिच्या आईने दिली, मग तू का देत नाहीस' या वादाने आमच्या घरातला मुक्काम हलवला नसता. शिवाय दंड मुलांना नाही, आईवडिलांनाही नाही, तो कंपन्यांना आहे आणि ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो, ही गोष्टही मला न्यायाची वाटते.

ज्येष्ठ सभासदांपैकी काहींना हा सगळा गाजावाजा कशासाठी, असा प्रश्न पडला असेल, म्हणून एक उदाहरण देते. स्नॅपचॅटवर 'स्ट्रीक' नावाचा प्रकार आहे. दोन मैत्रिणींनी रोज एकमेकींना काहीतरी पाठवत राहायचे, त्याचे दिवस मोजले जातात, आणि एक दिवस चुकला की मोजणी संपते. काय पाठवले याला काडीचेही महत्त्व नसते. घराच्या छताचा किंवा स्वतःच्या अर्ध्या कपाळाचा फोटोही चालतो. सुटीत भारतात आजोळी निघालेल्या मुली तिथे रेंज मिळणार नाही या भीतीने आपला पासवर्ड दुसऱ्या मैत्रिणीकडे देऊन जातात, म्हणजे मैत्री चालू ठेवण्यासाठी चक्क बदली कामगार नेमतात. ही कल्पना मुलांच्या डोक्यातून निघालेली नाही, ती मोठ्या माणसांनी पगार घेऊन रचलेली आहे. त्यामुळे 'मुलांना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवा' हा उपदेश मला अपुरा वाटतो.

आता पत्राविषयी. हे विधेयक २१ नोव्हेंबर २०२४ रोजी संसदेत मांडले गेले आणि २९ नोव्हेंबरला मंजूर झाले. सिनेटच्या समितीने लोकांना मते कळवण्यासाठी जेमतेम एक दिवस दिला होता, तरीही सुमारे पंधरा हजार निवेदने आली. सत्ताधारी मजूर पक्ष आणि विरोधी आघाडी एकत्र आल्यामुळे सिनेटमध्ये ते ३४ विरुद्ध १९ मतांनी पार पडले. त्याच आठवड्यात, २३ नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले, आणि मुख्यमंत्री कोण होणार या विषयावर आपल्या यादीवर जी पत्रे आली त्यांत या विधेयकाबद्दल एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. येथे मतदान केले नाही तर दंड होतो म्हणून आपण मतदान करतो, आणि जेथे आपल्यापैकी बहुतेकांना मतच नाही तेथील जागावाटपाची गणिते रात्र जागून सोडवतो. (आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात तर २०२२ च्या फुटीपासून कोण काका कोणत्या गटात, याचा निकाल अद्याप लागायचा आहे.) ज्या दिवशी आपल्या मताला किंमत होती, त्या दिवशी आपण गप्प राहिलो. आता सारे पार पडल्यावर खासदारांना शाबासकी देण्यात मला केवळ त्यांच्यासोबतच्या एखाद्या छायाचित्राची तयारी दिसते.

पत्राला माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल आपण वाचले असेल. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हाती आलेले मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेनात, तेव्हा २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावाने एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद राहतात. त्या प्रथेतली खरी अवघड गोष्ट अशी की ती मोठ्यांनाही लागू आहे, म्हणजे मूल अभ्यासाला बसले असताना शेजारी आईची मालिका चालू राहत नाही. आपल्या कायद्याने मोठ्यांच्या वाटेला काहीच ठेवलेले नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचे खाते बंद होते आणि सत्तर वर्षांच्या आजोबांनी पुढे ढकललेल्या, कोणी कोठे बनवली ते ठाऊक नसलेल्या चित्रफितींना कोणी अडवत नाही, कारण व्हॉट्सॲप या कायद्याच्या बाहेर आहे.

आणि आपण मंडळ म्हणून काय करतो? गणेशोत्सव झाला की दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फेसबुक पानावर मुलांची छायाचित्रे नावांसह आणि मराठी शाळेतील इयत्तांसह झळकतात, आणि ते पान कोणालाही पाहता येते. लेझीम खेळताना पडलेल्या एका छोट्याची चित्रफीत सगळ्यांनी हसून पुढे पाठवली. तो आता तिसरीत आहे आणि त्याला ती अजिबात आवडत नाही. माझ्या मुलीला स्वतःचे खाते नाही, पण तिचा चेहरा शेकडो मोठ्या माणसांच्या खात्यांवर आहे आणि त्याबाबत तिला कोणी कधी विचारलेले नाही. टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा आपण डोळे पुसत पाहिल्या, आपल्या मुलांनीही तसेच गावे, नाचावे आणि कोणीतरी ते पाहावे, ही हौस आपली होती. ती हौस तशीच ठेवून कायद्याचे अभिनंदन करणे मला शोभत नाही, आणि मंडळालाही ते शोभेल असे वाटत नाही.

आपली,
सु. म.


प्रेषक : प्र. ना., डब्बो
प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर : समाजमाध्यमांच्या वयोमर्यादेविषयी मंडळाचे पत्र

सु. म. वहिनींस आणि सर्वांस नमस्कार.

पत्र पाठवू नये, या निष्कर्षाशी मी सहमत आहे. कारणे मात्र माझी वेगळी आहेत आणि ती कायद्याच्याच विरोधात जातात.

आम्ही सिडनीपासून सुमारे चारशे किलोमीटर दूर राहतो. येथे माझ्या मुलाच्या शाळेत दुसरे मराठी मूल नाही. तो पंधरा वर्षांचा आहे आणि तबला शिकतो. पुण्यातील त्याचे गुरुजी त्याने ऐकावीत अशी वादने सुचवत असत, ती तो यूट्यूबवरच्या आपल्या खात्यात क्रमाने लावून ठेवत असे. ते खाते गेले. खाते नसतानाही यूट्यूब पाहता येते, पण मग मी खात्याच्या सोयींतून जी बंधने घातली होती, तीही खात्याबरोबरच गेली. म्हणजे कालपर्यंत माझा मुलगा माझ्या देखरेखीखाली पाहत होता आणि आज तो कोणाच्याच देखरेखीखाली नाही. पालकाचे हात बळकट करणारा कायदा असे याला कसे म्हणावे?

दुसरे असे की, मुलाचे वय ओळखायचे म्हणजे मोठ्यांचेही वय ओळखणे आले. चेहरा पाहून वयाचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणा पंधरा आणि सतरा यांतला फरक ठामपणे सांगू शकत नाहीत, आणि ही सगळी माहिती अखेर जाते त्याच कंपन्यांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या कंत्राटदारांकडे, ज्यांच्यावर आपला विश्वास नाही म्हणून हा कायदा केला.

तिसरे, भारताने २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी घातली ती गलवानच्या घटनेनंतर, सुरक्षेच्या कारणाने. पण परिणाम पाहण्यासारखा आहे. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सगळी गर्दी तिकडे सरकली. पाहणारे तेच राहिले, दुकान तेवढे बदलले. येथेही डिसेंबरमध्ये मुलांनी लेमनएट, योप अशी दुसरी ॲप शोधून काढली. दोन पंधरा वर्षांच्या मुलांच्या नावाने हाय कोर्टात या कायद्याला आव्हानही दिले गेले आहे. प्रकरण न्यायालयात असताना मंडळाने एका बाजूचा झेंडा हाती घेण्याचे कारण नाही.

आपला,
प्र. ना.


प्रेषक : सु. म., ब्लॅकटाउन
प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर : समाजमाध्यमांच्या वयोमर्यादेविषयी मंडळाचे पत्र

प्र. ना. भाऊजी, नमस्कार.

यूट्यूबचा तुमचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. आधी यूट्यूबला सूट होती, जुलै २०२५ मध्ये सरकारने ती काढून घेतली. तेथील अपायकारक मजकूर मुलांपर्यंत पोहोचतो हे कारण खरे असले, तरी पालकांनी बंधने घातलेल्या खात्यांना वेगळा न्याय देता आला असता. कोणाला खासदारांना लिहायचेच असेल तर त्यांनी स्वतःच्या नावाने या एका तरतुदीविषयी लिहावे. अभिनंदनापेक्षा अशा तक्रारवजा सूचनेचा उपयोग अधिक होईल, आणि मी त्यावर आनंदाने सही करीन.

वय ओळखण्याच्या यंत्रणेबद्दलची शंकाही रास्त आहे. केवळ सरकारी ओळखपत्राची सक्ती कंपन्यांना करता येत नाही, दुसरा पर्याय द्यावाच लागतो, एवढे संरक्षण कायद्यात आहे; ते पुरेसे आहे असे मीही म्हणणार नाही. परंतु 'दुकान बदलले' हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. टिकटॉक गेले तेव्हा भारतात सर्व वयाची माणसे एकत्रच दुसरीकडे गेली. येथे जानेवारीपर्यंत कंपन्यांनी सुमारे ४७ लाख खाती बंद केली किंवा गोठवली, असे ऑनलाइन सुरक्षेची देखरेख करणाऱ्या ई-सेफ्टी आयुक्तांच्या कार्यालयाने सांगितले. त्यांतली काही मुले दुसरीकडे गेली असतील, काहींनी आईच्या जन्मतारखेने नवे खाते उघडले असेल. पण ती विखुरली, आणि जेथे सगळा वर्ग एका वेळी हजर नाही तेथे हजेरी लावण्याची सक्तीही राहत नाही. माझ्या मुलीने पहिले दोन आठवडे आमच्याशी अबोला धरला. पुढे तिने मैत्रिणीला फोन लावला, आणि पलीकडून तिच्या आईने उचलला तेव्हा काय बोलावे हे तिला सुचेना. आम्ही लहानपणी 'काकू, ती आहे का?' हे वाक्य मनात घोकून मगच फोन फिरवत असू. ते तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा म्हणावे लागले. यात क्रांती वगैरे काही नाही, आणि घरातले बाकीचे वाद जसेच्या तसे आहेत.

तुमच्या मुलाच्या एकटेपणावर मात्र कायद्याकडे उत्तर नाही, ते मंडळाकडे असू शकते. आपल्या मराठी शाळेचा रविवारचा वर्ग दूर राहणाऱ्या मुलांसाठी व्हिडिओवरून खुला करावा आणि पथकाच्या तालमीच्या शिबिराला डब्बो, वॅगा, ऑरेंज येथील मुलांची राहण्याची सोय सभासदांच्या घरी करावी, असे मी सुचवते. आमच्या घरी दोन मुलांची सोय होईल. जेवणात पालेभाजी असेल, हे आधीच सांगते.

कार्यकारिणीने अभिनंदनपत्राऐवजी पुढील वार्षिक सभेत एक ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे. मुलांची छायाचित्रे सार्वजनिक पानावर टाकण्यापूर्वी पालकांना विचारावे आणि मूल कळत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारावे. नाव आणि इयत्ता लिहू नये. आणि एखाद्या मुलाने आपले जुने छायाचित्र काढून टाकायला सांगितले, तर कारण न विचारता ते काढावे. यामुळे आपले पान थोडे ओके-बोके दिसेल, आणि देणगीदारांना पाठवायच्या अहवालात गोड चेहऱ्यांऐवजी पाठमोरे फेटे दिसतील. माझी त्याला हरकत नाही.

पथकाचे इन्स्टाग्राम पान सांभाळायला मी तयार आहे, मात्र त्यावर काय टाकायचे हे पूर्वीप्रमाणे त्या मुलांनीच ठरवावे आणि मी फक्त बटण दाबावे, अशी अट आहे. वि. ज., त्याचा पासवर्ड मला कृपया वेगळा कळवावा, या यादीवर नको.

आपली,
सु. म.