पावाच्या भट्ट्या आणि मुंबईची हवा: सहा महिन्यांची मुदत योग्य होती का?

भायखळकर
लाकूड-कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांनी सहा महिन्यांत गॅस, वीज किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. पालिकेने आधी वर्षभराची मुदत ठरवली होती. पाठोपाठ नोटिसाही निघाल्या. मुदत कमी झाली ते उत्तम झालं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडच्या अनेक भट्ट्यांत जळतं ते भंगारातलं फर्निचर. स्वस्त पडतं म्हणून मोडकी कपाटं, प्लायवूड, पॉलिश लागलेल्या फळ्या आत जातात. प्लाय चिकटवलेला असतो रसायनांनी, त्यामुळे तो धूर घरच्या चुलीच्या धुरापेक्षाही वाईट. शिवाय भट्टी चाळीच्या तळमजल्यावर आणि धुराडं वरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्यांशी. खरा त्रास तर आतल्या कारागिरांना. रात्रभर भट्टीसमोर उभं राहायचं आणि दिवसा त्याच धगीवरच्या पोटमाळ्यावर झोपायचं. त्यांच्या फुफ्फुसांबद्दल या वादात कोणी अवाक्षर काढत नाही.

लादीपाव
आमच्या घरची बेकरी आहे, म्हणून लिहितो. गॅसवर येणं म्हणजे नुसता बर्नर बसवणं नाही. विटांची जुनी भट्टी पाडायची, नवा ओव्हन घ्यायचा आणि तेवढे दिवस धंदा बंद. जागा पागडीची, घरमालक परवानगी देईलच असं नाही. आमच्या गल्लीत पाइपचा गॅस आलेला नाही. सिलिंडर साठवायचे तर अग्निशमन दलाचे नियम, आणि तळमजल्यावरच्या त्या चिंचोळ्या जागेत ते पाळायचे कसे?

कारागिरांचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण धंदाच बसला तर तेच आधी गावी परततील. वडापाववाल्याला लादी महाग पडली तर तो भाव वाढवणार, आणि तो भार सकाळी लोकल पकडणाऱ्यावर पडणार.

माहूलगाव
मला मुदतीतला फरक खटकतो. गोवंडीतला रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प घ्या. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. २०२३ मध्ये न्यायालयाने तो खालापूरला हलवायला सांगितलं, तेव्हा मुदत दिली दोन वर्षांची. बेकरीवाल्याला मात्र सहा महिने! आमच्याकडे माहूलला एका बाजूला रिफायनऱ्या, दुसऱ्या बाजूला रसायनांच्या टाक्या. भट्ट्या बंद करा, माझी हरकत नाही. पण सर्वात लहान धुराड्यापासून सुरुवात का?

भायखळकर
@माहूलगाव, गोवंडीला दोन वर्षं दिली हाच अन्याय होता. तिथल्या मुलांना आणखी दोन वर्षं तो धूर का घ्यायला लावला? मोठ्याला मिळालेली सवलत लहानालाही द्या म्हटलं, तर धूर दोन्हीकडे राहतो.

@लादीपाव, पाइपच्या गॅसचा मुद्दा मला पटतो. जिथे वाहिनी नाही तिथे ती आणून देणं पालिकेचं आणि गॅस कंपनीचं काम आहे, ते आधी व्हायला हवं होतं.

साइट_इंजिनिअर
धूर एकीकडे, धूळ दुसरीकडे, आणि मुंबईत धुळीचा वाटा फार मोठा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: एक एकराहून मोठ्या जागेला ३५ फुटी पत्र्याचं कुंपण, इमारतीला हिरवं कापड, पाण्याची फवारणी, डंपर झाकून आणि चाकं धुऊन बाहेर काढायचे. नियम चांगले आहेत. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेची हवा बिघडली तेव्हा तिथली बांधकामंही थांबवली.

पण त्याच काळात पालिकेने स्वतः शहरभर काँक्रिटीकरणासाठी रस्ते उकरले. हिवाळ्यात वारा पडतो आणि धूळ खालीच साचून राहते, हे ठाऊक असताना. बिल्डरला दंड करणाऱ्या वॉर्ड ऑफिसने रस्त्याच्या कंत्राटदाराकडून हेच नियम तितक्याच कडकपणे पाळून घ्यावेत.

लादीपाव
@भायखळकर, वाहिनी आली तर पहिला अर्ज आमचा असेल. पण मुदत वाहिनी आल्याच्या दिवसापासून मोजा. आणि भंगारातलं लाकूड तर आजच बंद करा, त्याला कोणता ओव्हन लागत नाही.

भायखळकर
भंगाराची बंदी लगेच, हे मान्य. वाहिनी नसेल तिथे मुदत पुढे न्यायलाही मी तयार आहे, पण तारीख लेखी हवी आणि ती वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावलेली हवी.