पगारातल्या ‘पीटी’ची गोष्ट

चौथी_सीट: महाराष्ट्राचा अभिमान म्हटलं की किल्ले, वेरूळ आणि १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ठरलेली. ते सोडून बोला. रोज डोळ्यांसमोर असूनही मुंबईकराच्या ध्यानीमनी नसलेलं काही आहे का?

मुरूम: पगाराची स्लिप काढा. कपातीत ‘पीटी’ २०० रुपये दिसतील. हा व्यवसाय कर १९७५ साली लावला तोच मुळी रोजगार हमीसाठी. अंधेरीतल्या नोकरदाराच्या पगारातून कर घ्यायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं! गडकिल्ल्यांइतकाच याचाही अभिमान वाटायला हरकत नाही.

खडी_केंद्र: अभिमान ठीक, पण कागदावरचा हक्क आणि हातातली मजुरी यांत अंतर होतं. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, आणि तो किमान किती? दिवसाला एक रुपया. शिवाय रोहयोची, म्हणजे रोजगार हमी योजनेची, मजुरी नुसत्या हजेरीवर नसते. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजून ती ठरते. माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे. मुरुमाच्या जागी माती लिहिली गेली की दिवसभर राबूनही हातात कमी पडतात. मोजमाप लांबलं की पगारही लांबला.

चौथी_सीट: हे खरंच माहीत नव्हतं. पण फेब्रुवारीतच ३०० का कापतात?

मुरूम: घटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. अकरा महिन्यांचे २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. १९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ही मर्यादा फक्त २५० होती.

लेजर_बुक: स्लिप काढलीच आहे तर तपासूनही घ्या. पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २००. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफ. पेरोलमध्ये जुनाच स्लॅब राहिला तर २२ हजार पगारावरही २०० जातात, तेव्हा एचआरला लेखी कळवा. वयाची ६५ पूर्ण झाली की कर नाही. स्वतःचा धंदा असेल तर कापणारं कुणी नसतं, पीटीईसी नंबर (या कराचा नोंदणी क्रमांक) घेऊन वर्षाचे २,५०० आपणच ३० जूनपर्यंत भरायचे. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग व्याजासकट भरतात. आणि हो, पगारातून कापलेल्या या कराची आयकरात वजावट जुन्या पद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही.