शब्द हवा: रिसेप्टर = ग्राहक की ग्राही?

बोरकूट: मावशीला स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होत जाणारा आजार) आहे, त्यातून फुप्फुसाच्या धमन्यांत प्रेशर वाढलंय म्हणून बोसेंटान चालू झालंय. तिच्यासाठी माहिती मराठीत लिहून काढतोय आणि 'एंडोथेलिन रिसेप्टर अँटागोनिस्ट'पाशी गाडी अडली. (एंडोथेलिन म्हणजे रक्तवाहिनी आवळणारा शरीरातलाच पदार्थ, रिसेप्टर म्हणजे पेशीवरची तो पकडणारी जागा.) मी लिहिलं 'एंडोथेलिन ग्राहकविरोधी औषध'. ती म्हणते, ग्राहकविरोधी आहे ते बिलावरून कळलंच. आणि इन्फ्लमेशनला 'दाह' लिहिलं तर म्हणे मला कुठे जळजळतंय?

चिंचोका: ग्राहक नाही, ग्राही. अँटागोनिस्ट म्हणजे रोधक. एंडोथेलिन-ग्राही-रोधक. संपला विषय.

सुंठसाखर: संपला कसा? आमचे आजोबा वैद्य होते, त्यांच्याकडे ग्राही म्हणजे मळ बांधणारं औषध, सुंठ, जिरं असलं. शार्ङ्गधराच्या आयुर्वेदाच्या ग्रंथात तशी व्याख्याच आहे. ग्राही-रोधक वाचून जुनं माणूस पोट साफ करायची गोळी समजून रात्री घेईल.

आडवातिडवा: अहो रिसेप्टरच लिहा ना. एंडोथेलिन तरी कुठे मराठी आहे, १९८८ साली जपानात यानागिसावांच्या गटाने डुकराच्या महाधमनीच्या पेशींतून शोधलं, त्याला आपण कोण बारसं करणार. बाय द वे एंडोथेलियम (वाहिनीचा आतला थर, त्यावरूनच एंडोथेलिन) यातलं 'थेली' म्हणजे आपली थैलीच असावी, ध्वनी बघा.

चिंचोका: थैली नाही हो 🙏 ग्रीकमध्ये थेली म्हणजे स्तनाग्र. एपिथेलियम (त्वचेसारखा वरचा थर) आधीचा शब्द, त्यावरून विल्हेल्म हिसने १८६५ मध्ये एंडोथेलियम केला. मराठीत साधं 'अस्तर' म्हणा, शिंप्यालाही कळतं. पण बोरकूट, नुसतं 'रोधक' पुरत नाही कारण रिसेप्टर दोन आहेत. ए असतो वाहिनीच्या स्नायूवर, तो आवळतो. बी मुख्यतः अस्तरावर, तो नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावून सैल करतो आणि जास्तीचं एंडोथेलिन गिळूनही टाकतो (स्नायूवरही थोडा असतो, तिथे मात्र तोही आवळतोच, म्हणजे घरचाच भेदी). बोसेंटान दोघांनाही अडवतं, अँब्रिसेंटान मुख्यतः ए ला.

नीलपंख: इन्फ्लमेशनला शोथ. संधिशोथ, यकृतशोथ रुळलेत की.

सुंठसाखर: कुठे रुळलेत? पुस्तकात. आयुर्वेदात शोथ आणि शोफ दोन्ही म्हणजे सूजच, तुम्ही लोकांनी शोफ इडिमाला (पाणी साठून येणारी सूज) दिला आणि शोथ इन्फ्लमेशनला, वाटणी कोणी केली?

नीलपंख: परिभाषेत वाटणी करावीच लागते. इथे तर सूज दिसतही नाही, एंडोथेलिनमुळे पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात, पुढे व्रणासारखा चिवट तंतू साठतो. त्याला सूज म्हणणार?

आडवातिडवा: आमची आजी 'ठणका' म्हणायची.

नीलपंख: ठणका म्हणजे दुखणं, विषय काय चाललाय!

बोरकूट: मावशीने कंटाळून स्वतःच डबीवर लिहिलं, 'नस आवळू न देणारी गोळी. दर महिन्याला लिव्हरची टेस्ट.' मला चालेल असं वाटतंय.

चिंचोका: नस म्हणजे शीर. इथे धमनी आहे. दुरुस्त करून घ्या.

सुंठसाखर: नस म्हणजे स्नायू पण होतो. आमच्याकडे 'नस चढली' म्हणतात, ती काय धमनी असते का?